कॉइल मुरवणारे चाचा

चाचा टूथब्रशसुद्धा त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय बदलत नसत. दुपारी डबा खाल्ल्यावर ऑफिसच्या बेसिनपाशी उभे राहून ब्रशचे केस अंगठ्यावर फिरवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "अजून जीव आहे." गाडीचे टायर, दाढीचं ब्लेड, एसीचा फिल्टर, पायातल्या चपला, सगळ्यांची सुनावणी याच कोर्टात. पाकिटावर छापलेली मुदत त्यांना स्वतःचा अपमान वाटायची. "कंपनीला काय ठाऊक रे, मी किती जोरात घासतो ते?"

मी त्यांच्या अगदी उलट. मला कुठल्याही वस्तूचं म्हणणं आजवर ऐकू आलेलं नाही. बायकोचं ऐकू येतं, पण साधारण दुसऱ्या दिवशी.

चाचा रत्नागिरीकडचे, बाणकोटच्या खाडीजवळच्या एका गावातले. तरुणपणी गल्फात आले ते इथलेच होऊन राहिले. इमारतींना काचा आणि अ‍ॅल्युमिनियम लावणाऱ्या आमच्या कंपनीत ते एस्टिमेशनचे हेड. इजिप्शियन मॅनेजरपासून चहा आणणाऱ्या मल्याळी गड्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. मी पुण्याहून दुबईत उतरलो आणि सूटकेस पुरती रिकामी व्हायच्या आत २००८ची मंदी आली. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं, की या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असावा.

मंदी आम्हाला खिडकीतून दिसायची. क्रेन जागच्या जागी उभ्या. नवं टेंडर येईना. मॅनेजर घडीघडी केबिनमधून बाहेर येऊन कोण रिकामं बसलंय ते बघून जायचा. चाचांनी आमच्या पुढ्यात जुनी ड्रॉइंग्ज आणून टाकली. म्हणाले, "या बांधून झालेल्या बिल्डिंगा आहेत. आजच्या भावानं पुन्हा एस्टिमेट करा. हात चालू दिसला पाहिजे."

मी हात चालू ठेवला. इतका, की एका संध्याकाळी त्यातलं एक एस्टिमेट सवयीनं क्लायंटला ईमेल करून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तिथल्या लेबनीज बाईंचा फोन. "तुम्ही ज्या बिल्डिंगला काचा लावायचं कोटेशन पाठवलंय ना, मी आत्ता तिच्यातच बसले आहे. काचा आहेत. मी बघतेय."

चाचांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. "मॅडम, ते कोटेशन नाही, व्हॅल्युएशन आहे. उद्या तुमची काच फुटली, तर आजच्या भावानं किती लागतील? इन्शुरन्सवाल्यानं विचारलं तर काय सांगणार?" बाई म्हणाल्या, असं असेल तर रीतसर करून द्या, आणि फी कळवा. मंदीतलं आमचं पहिलं काम ते. मॅनेजरनं चारचौघांत माझी पाठ थोपटली. तो गेल्यावर चाचा माझ्या कानाशी आले. "मेल्या, पुढच्या वेळी चूक करणार असशील तर आधी सांग. मी खुर्चीत नीट बसतो."

असा हा माणूस कंपनीसाठी कुणालाही गुंडाळेल, पण स्वतःसाठी कधी खुलासा देणार नाही. कुणी त्यांच्यावर काही आळ घेतला की एकदाच "नाही" म्हणायचे आणि गप्प. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खरं एकदाच बोलायचं. दुसऱ्यांदा बोललं की लोकांना वाटतं, हा काहीतरी विकतोय."

मंदीनं त्यांचं एकच नुकसान केलं. त्यांच्या सिगरेटी वाढल्या. मंदी गेली, क्रेन हलायला लागल्या, सिगरेटी मात्र चढलेल्या भावावरून खाली येईनात. ऑफिसचा मागचा जिना म्हणजे त्यांचं दुसरं केबिन. आणि मी त्या केबिनमधला नेहमीचा पाहुणा, स्वतःच्या सिगरेटीसकट.

त्यावर उपाय निघाला तो मंदीनंतर दहा-अकरा वर्षांनी, आणि काढला शाहीननं. शाहीन म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. इथेच वाढलेली, डेंटिस्ट, लग्न करून अबू धाबीला रीम आयलंडवर राहायला गेलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर बहुधा इंग्रजीत. तिला दिवस गेले तेव्हा चाचांच्या अल बर्शातल्या घरी जेवायला बोलावलं होतं, आम्हीही होतो. मटणाचं ताट पुढ्यात असतानाच तिनं जाहीर केलं, "अब्बा, सिंपल रूल. ज्याच्या अंगाला सिगरेटचा वास, त्याच्या हातात माझं बाळ नाही. नो एक्सेप्शन्स."

चाची म्हणाल्या, "बापूस आहे गो तुझा!"

"आय नो, अम्मी. म्हणून तर इतकं आधी सांगतेय."

चाचांनी हातातली नळी खाली ठेवली. मी त्यांना नळी अर्धवट सोडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तोवर इथे वेपची, म्हणजे विजेवरच्या सिगरेटची, दुकानं उघडपणे दिसायला लागली होती. आधी जे चोरून मिळायचं ते आता मॉलच्या काचेत दिवे लावून मांडलेलं. च्युइंगम झालं, वेलची झाली, दंडाला चिकटवायच्या पट्ट्या झाल्या, आणि शेवटी चाचा वेपवर आले. शाहीननं तिथेही बजावलं, "हे औषध नाही अब्बा. हीपण सोडायची. आणि माझ्या घरात तर ओढायचीच नाही."

"होय, डॉक्टर," चाचा म्हणाले.

माझ्या बायकोनं हे सगळं मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी चाचांबरोबर मीही दुकानात उभा होतो.

दुकानातला फिलिपिनो पोरगा भारी गोड होता. त्यानं यंत्र उघडून आतली कॉइल दाखवली. बोटाच्या पेराएवढी नळी, तिच्यात तारेचं वेटोळं, वेटोळ्याला कापूस. कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ तोंडात येते. "वन वीक, सर. देन चेंज."

"एक हप्ता?" चाचांनी चष्मा वर केला. "म्हणजे शुक्रवार आला की कापसाला कळतं?"

"एव्हरीबडी चेंजेस, सर."

"एव्हरीबडी माझ्या तोंडानं ओढतो काय?"

पोरग्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

त्या दिवसापासून चाचांनी कॉइलचा अभ्यास मांडला. यंत्र कानाशी धरायचे. आत गुडगुड वाजलं तर कापसानं हाय खाल्ली. लिक्विड काळ्या चहासारखं दिसायला लागलं तर तारेवर राप बसला. वाफ कमी झाली, चव मुकी झाली, की दोन-चार दिवसांची पाहुणी. आणि घशात जळका चटका बसला, की खलास, त्यानंतर एक झुरकाही मारायचा नाही. साधं पुदिन्याचं लिक्विड, वॅट कमी, झुरके सावकाश. त्यांची कॉइल दोन आठवडे सहज जायची, कधी त्याहून जास्त. दुकानातला पोरगा त्यांना बघितलं की हताश व्हायचा, कारण हे गिऱ्हाईक नुसतं गप्पा मारायला यायचं.

माझं गाडं निराळंच. मी वॅट वाढवला, कारण आकडा वाढवता येत होता. आणि लिक्विड घेतलं आंब्याचं. चाचांनी माझी बाटली हुंगली. "यावर अल्फान्सो लिहिलंय?"

"हो, चाचा."

"आमच्या रत्नागिरीच्या माणसाला हे वाचून दाखवू नकोस, केस होईल. हे आंब्याच्या साबणाचं धुवण आहे. आणि असलं गोड घातलंस तर तारेवर काकवीसारखा थर चढणार. तुझी कॉइल या आठवड्यात मरते बघ."

ती आठवडाभरसुद्धा थांबली नाही. तिला वाचवायचं म्हणून मी इंटरनेटवर वाचून ती गरम पाण्यात उकळली, आणि त्यासाठी हाताशी आलं ते घेतलं, म्हणजे चहाचं पातेलं. कॉइल वाचली नाही. पातेलं मी स्वच्छ घासून ठेवलं. सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या. संध्याकाळी चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "आज चहाला आमरसाचा वास कसा काय येतोय?" बायकोनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते पातेलं कचऱ्यात गेलं. मीही जाणार होतो, पण घरच्यांचा व्हिसा माझ्या नावावर होता.

पण चाचांची खरी शिकवण ही नव्हेच. खरी होती ती नवी कॉइल बसवतानाची. कोरड्या कापसावर आधी चार थेंब सोडायचे, मग टाकी भरायची, मग यंत्र तसंच उभं ठेवून द्यायचं. हात लावायचा नाही. कापूस आतपर्यंत भिजला नसेल आणि तार तापवलीत, तर नवी कोरी कॉइल पहिल्याच झुरक्याला जळते. मी अशा किती जाळल्या ते विचारू नका. "लोणचं भरल्या भरल्या खातोस काय?" चाचा ओरडायचे. "मुरू दे!"

आणि मुरेपर्यंत ते गोष्ट सांगायचे. नेहमी तीच. त्यांच्या आजोबांचं गलबत कौलं भरून निघालंय, खाडीच्या तोंडाशी भरती चुकते, गलबत वाळूत रुततं, आणि किनाऱ्यावर आजोबांचं लग्न लागायचं आहे. नवरी वाट बघतेय, काझी वाट बघतोय, आजोबा गलबतावर. इथवर आलं की चाचा यंत्र उचलून म्हणायचे, "मुरली." गोष्ट बंद. पुढच्या कॉइलला पुन्हा कौलं भरण्यापासून सुरुवात. आजोबांचं लग्न लागलं असणार, कारण चाचा समोर बसलेले असायचे. पण ते किनाऱ्यावर पोचले कसे, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

तर असं करत करत महिने गेले आणि चाचांनी सिगरेटला खरोखरच हात लावला नाही. चाची बाळंतपणासाठी अबू धाबीला जाऊन राहिल्या, घरात चाचा एकटे, विचारणारं कुणी नाही, तरी नाही. मागच्या जिन्यावर ते माझ्याबरोबर यायचे आणि पुदिन्याची वाफ सोडत उभे राहायचे. कधी कुणा दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर आला, की बोलता बोलता थांबायचे, आणि तो विरला की वाक्य पुढे न्यायचे.

नात झाली. हॉस्पिटलात त्यांना ती काचेतूनच बघायला मिळाली. शाहीनचा निरोप आला, घरी गेल्यावर या, मग हातात देते. तो शनिवार उजाडला. चाचांनी नवा शर्ट घातला, दाढी कोरून घेतली आणि मला फोन केला. "गाडी तू चालव रे. माझे हात आज ऐकत नाहीत."

जेबेल अली मागे टाकून आम्ही एका पेट्रोल पंपावर थांबलो. चाचा तिथल्या मशिदीत नमाजाला गेले. वेप सीटवर. सकाळपासून ते म्हणत होते, चव उतरलीय, पण आजचा दिवस काढेल. मला वाटलं, आपण म्हाताऱ्याला खूश करावं. डॅशबोर्डमधल्या पाकिटात दोन नव्या कॉइली होत्या. मी एक काढून बसवली, उरलेली खिशात टाकली, टाकी भरली, जुनी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि यंत्र होतं तसं सीटवर ठेवलं. कापसावर थेंब? त्या चार थेंबांची आठवण मला झाली ती चाचांनी दार उघडून, सीटवर बसून, मागे टेकून, घाबरलेल्या माणसासारखा लांबलचक झुरका घेतला तेव्हा.

पहिल्या झुरक्याला त्यांचे डोळे मोठे झाले. काय झालं ते कळेना म्हणून त्यांनी दुसरा घेतला. मग खोकल्याची जी उबळ आली, तिच्यात सगळी गाडी चिंधी जळल्याच्या वासानं भरून गेली. खिडक्या उघडल्या, दारं उघडली. वास हटेना. शर्टात, दाढीत, सीटमध्ये.

खोकला थांबल्यावर त्यांनी यंत्र उघडलं, काळा पडलेला कापूस पाहिला आणि शांतपणे विचारलं, "किती वेळ मुरवलीस?"

"चाचा, उशीर होत होता म्हणून..."

"उशीर?" ते म्हणाले. "पोर नऊ महिने थांबलं."

मग ते उतरून पंपावरच्या दुकानात शिरले. मी काचेतून बघत होतो. कॅशियरच्या पाठीमागे सिगरेटींची आख्खी भिंत. चाचा तिच्यासमोर उभे राहिले. कॅशियरनं काहीतरी विचारलं. चाचांची नजर भिंतीवरून हलली नाही. मी दाराच्या मुठीला हात घातला, पण जाऊन सांगणार काय होतो? मी, ज्यानं त्यांना तिथे उभं केलं होतं? शेवटी ते बाहेर आले. हातात लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, दोन बाटल्या. एकीनं त्यांनी गाडीमागे उभं राहून चुळा भरल्या, दुसरी माझ्या हातात दिली. "पी. तुझं तोंड माझ्यापेक्षा उतरलंय."

रीम आयलंडवरच्या त्या उंच टॉवरमध्ये लिफ्ट वर चढत होती, तसतसे चाचा दाढी हुंगायचा प्रयत्न करत होते. स्वतःची दाढी हुंगता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

दार शाहीननं उघडलं. "अब्बा!" म्हणून पुढे आली, आणि मध्येच थांबली. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत वाकणारी बाई ती. तिचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"यू स्मोक्ड."

"नाही," चाचा म्हणाले.

"अब्बा, टुडे? आजच?"

चाचा पुढे बोललेच नाहीत. दारापाशी बूट काढायला एक ठेंगणं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले, नवा शर्ट सारखा केला आणि फरशीकडे बघत राहिले. आतून बाळाचा कुईकुई आवाज आला. त्यांची मान तिकडे वळली आणि परत फिरली.

आता मला बोलायला हवं होतं, आणि मी बोलायला लागलो की काय होतं हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. मी कॉइलपासून सुरुवात केली. कापूस, तार, चार थेंब, वॅट, पुदिना आणि आंबा यांच्यातला फरक. शाहीन म्हणाली, "अंकल, प्लीज. यू स्मेल टू."

"तोच तर पुरावा!" मी म्हणालो. "माझ्या खिशात एक कॉइल उरलीय. कोरडी. मला बाल्कनीत सोड आणि काच लाव."

चाची स्वयंपाकघरातून आल्या. "काय चाललंय गो?"

"एक्सपेरिमेंट, अम्मी."

चाचांनी मान वर केली. "शेवटची आहे ती," ते हळूच म्हणाले. पण हात पुढे करून वेप मला दिली.

मी बाल्कनीत उभा राहिलो. समोर समुद्र, खाली खारफुटी, काचेच्या आत शाहीन हाताची घडी घालून, चाची तिच्या मागे, आणि स्टुलावर चाचा. मी टाकी रिकामी केली, कोरडी कॉइल बसवली, कापसावर थेंबही सोडला नाही, आणि जाणूनबुजून, आयुष्यात पहिल्यांदाच ठरवून, एक कॉइल जाळली. जाणूनबुजून जाळली तरी ती तेवढीच लागते हे मला माहीत नव्हतं. मी कठड्याला धरून वाकलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. काच बाजूला सरकली. शाहीननं माझ्या कॉलरजवळ नाक आणलं. मग वळून स्टुलाशी गेली, बापाच्या खांद्यापाशी वाकली.

"सेम," ती म्हणाली. पण तेवढ्यावर थांबली नाही. "अब्बा, हात दाखवा."

चाचांनी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पंजे पुढे केले. शाहीननं उजव्या हाताची पहिली दोन बोटं धरली. ती लहान असल्यापासून ही दोन बोटं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी होती. मीही ती तशीच पाहिलेली. आता ती बाकीच्या बोटांसारखी होती. नखं स्वच्छ, कातडी गव्हाळ. तिनं ती नाकाशी नेली आणि तिथेच धरून ठेवली. बराच वेळ. मग त्याच बोटांनी तिनं स्वतःचे डोळे पुसले.

"दोघेही बाथरूममध्ये," ती म्हणाली. "आधी तुम्ही. देन अंकल. साबण लावून. आणि हे कपडे बाहेर."

चाची म्हणाल्या, "यांचा नवा शर्ट गेला की रे!" हे त्या माझ्याकडे बघून का म्हणाल्या ते मी समजू शकतो.

जावयाच्या कपाटातून टीशर्ट निघाले. जावई बारीक, पळणारा माणूस. चाळीस वर्षं सिगरेटी ओढलेले चाचा न्हाऊन बाहेर आले, तेव्हा त्यांच्या छातीवर 'हाफ मॅरेथॉन फिनिशर' असं लिहिलेलं होतं. माझ्या वाट्याला आला त्याच्यावर 'कीप रनिंग' होतं, पण पोटापाशी ताणून त्यातलं 'रनिंग' वाचता येत नव्हतं.

चाचा सोफ्यावर बसले. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले, कोपराखाली उशी. शाहीननं नात आणून त्यांच्या हातांत ठेवली. जिन्यात, गाडीत, दुकानात, फोनवर अखंड बोलणारा हा माणूस एक शब्द बोलेना. नातीनं तोंड वाकडं केलं, जांभई दिली, एक मूठ बाहेर काढून मॅरेथॉनच्या अक्षरांवर ठेवली. मी जरा जवळ सरकलो, तर चाचींनी मला डोळ्यांनीच परत खुर्चीत बसवलं. माझी पाळी त्या दिवशी आलीच नाही.

थोड्या वेळानं त्या टीशर्टवर एक गडद डाग उमटला आणि सावकाश पसरत खाली आला. शाहीन पुढे झाली. "अब्बा, गिव्ह हर टू मी. यू आर ऑल वेट."

चाचा हलले नाहीत. नातीवरची नजरही काढली नाही.

"राहू दे गो," ते म्हणाले. "शर्ट जावयाचा आहे."